डाव्या डोळ्यातली वीज

माझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाही, हे समोरच्याच्या लवकर लक्षात येत नाही. डोळा जागेवर आहे, हलतो, वाऱ्यानं पाणावतो. कुणी विचारलंच तर 'आजारात गेला' एवढं सांगून मी विषय बदलते. तो कसा गेला हे आठवायला बसलं की मला शिसारी येते. ती नुसती दुसऱ्यांची असती, तर मी केव्हाच सगळं सांगून मोकळी झाले असते.

मी साताऱ्याजवळच्या एका उसाच्या गावची. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. आमच्या घरातल्या तीन पिढ्या फौजेत गेल्या आणि एकाही पुरुषाला चष्मा लागला नव्हता, याचा त्यांना मिशीइतकाच अभिमान होता. मला सहावीत चष्मा लागला. मास्तरांनी फळ्यावरचं गणित वाचायला सांगितलं. मी फळ्याला नाक लावायच्या बेतात गेले तरी आकडे चुकले, तेव्हा त्यांनी घरी चिठ्ठी पाठवली. साताऱ्यात पहिल्या काचा मिळाल्या. त्यानंतर दर वर्षी नंबर वाढत गेला आणि मॅट्रिक होईपर्यंत उणे अकरावर जाऊन ठेपला. काचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या दिसायच्या. त्यांच्यामागे माझे डोळे लहान, दूरचे, कुणा वेगळ्याच माणसाचे वाटायचे. आबा रस्त्यानं माझ्याबरोबर कधी चालले नाहीत. चार पावलं पुढं असायचे.

मला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं माझा चष्मा काढला. रुमालात गुंडाळला, आपल्या काळ्या ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं.

"आबा, मला काही दिसायचं न्हाई."

"तुला बघायला येत्यात. तू कशाला बघायला पायजेस?"

आदल्या दोन दिवसांत त्यांनी माझी कवायत घेतली होती. स्वयंपाकघराच्या दारापासून सोप्यातल्या चटईपर्यंत अकरा पावलं, मग डावीकडं वळायचं, बशा कमरेच्या उंचीवर धरायच्या, आवाज येईल तिकडं वाकून नमस्कार करायचा. पाटीलकीचा आव आणून ते समोर उभे राहायचे आणि मी चुकले की "फिरून" म्हणायचे. बैल विकायला काढताना त्याला घासूनपुसून शिंगं रंगवतात, तसं माझं चाललं होतं. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

स्थळ विट्याच्या पलीकडच्या एका गावातलं होतं. विधवा आई आणि एकुलता एक मुलगा. त्या भागातले पुष्कळ पुरुष परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात. हा मुलगाही दक्षिणेकडच्या एका शहरात असल्याच दुकानात होता. मला त्या दिवशी एक सावळा डाग आणि त्याखाली पांढरा शर्ट एवढंच दिसलं. लग्न ठरलं. आईनं लग्नाच्या गडबडीत चष्मा ट्रंकेतून काढून माझ्या लुगड्यांच्या घडीत सरकवला, म्हणून नवऱ्याचा चेहरा मला लग्नानंतर चौथ्या दिवशी, तो झोपलेला असताना नीट बघता आला.

दीड महिन्यानं तो दुकानावर निघून गेला. आठ दिवसांतच सासूला चष्मा सापडला. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. तिनं तो उलटसुलट करून बघितला, स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि झटकन काढला.

"आयायाय! फसिवलं म्हणायचं की आमास्नी."

मला वाटलं, आता माहेरी धाडणार. पण तिनं चष्मा माझ्या हातात दिला.

"घरात घाल. उंबऱ्याभाईर घालून गेलीस तर बग. गावाला हसाया एक कारण कमी हाय व्हय आमच्याकडं?"

म्हणजे आधी आबांनी लपवलं, आता ती लपवणार होती. मी घरात डोळस आणि दारात आंधळी झाले. विहिरीची वाट पायांनी पाठ केली. वाटेत कोण भेटतं ते कळायचं नाही, त्यामुळं बोलायची नाही. लवकरच गावात झालं, की हिची सून मॅट्रिक हाय म्हणून माजलीया, कुणाकडं बघत न्हाई.

आत्याबाईचीही बाजू सांगायला हवी. ती पंचविशीत विधवा झालेली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं, बारशाला गेली तर दारापाशी बसायची. गावात तिला कुणी 'या, बसा' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पुढं जे झालं त्याच्या मुळाशी हेच होतं, असं मला वाटतं.

मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. त्या साली पाऊस बरा झाला, भुईमूग भरला. मी अंगणात शेंगा तोडत बसले होते. अचानक डावीकडं उजेड पडला. कुणी आरशानं कवडसा मारावा तसा. मी वळून बघितलं, कुणी नव्हतं. वळताना पुन्हा चमकलं. मग कळलं, की डोळा हलवला की वीज चमकते. आवाज नाही, दुखणं नाही, नुसतीच कमानीसारखी उजेडाची रेघ. संध्याकाळपर्यंत डाव्या डोळ्यापुढं काळे ठिपकेही आले. चिलटं समजून मी ती हातानं हाकलत होते.

दिवे लागायच्या वेळी मी आत्याबाईला सांगितलं. शेजारची म्हातारी तेव्हा विस्तव न्यायला आली होती.

"कवापास्नं?" म्हातारीनं विचारलं.

"सकाळधरनं."

"नुसताच उजेड? आन तुलाच दिसतो?"

"मलाच."

म्हातारीनं हातातली शेणी खाली ठेवली आणि माझ्यापुढं हात जोडले. "आगं, ही तर आईची खूण हाय. माझ्या मावशीला आसंच झालं व्हतं. देवी यायच्या आदी उजेड धाडती."

मी हसले. शाळेच्या पुस्तकात डोळ्याची आकृती मी स्वतः काढली होती. बाहुली, भिंग, मागचा पडदा, सगळ्यांना नावं दिली होती. हा काहीतरी डोळ्याचा बिघाड आहे, एवढं मला नक्की समजत होतं. मी तसं म्हणायला हवं होतं. पण मी आत्याबाईकडं बघितलं. ती हसत नव्हती. म्हातारीनं जोडलेल्या हातांकडं ती बघत होती. तिच्या उंबऱ्यात आजवर कुणी हात जोडले नव्हते.

पुढच्या मंगळवारी सात बायका आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी अंगण भरलं.

मला पाटावर बसवायचे. हिरवं लुगडं, मोकळे केस, कपाळभर मळवट. चष्मा अर्थातच काढलेला. देवीला चष्मा कशाला? समोर धुरात नुसती रंगांची गर्दी दिसायची. बाई पुढं यायची, प्रश्न विचारायची आणि सगळ्या जणी माझ्या डाव्या डोळ्याकडं टक लावून बसायच्या. वीज चमकली की माझी पापणी आपोआप मिटायची. तेवढ्यानं एकच गलका व्हायचा, "आली! आली!" पापणी मिटली म्हणजे देवीचा होकार, नाही मिटली तर नकार. हा नियम कुणी केला मला माहीत नाही. मी तोंडानं एक शब्दही बोलत नव्हते. तरी कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची हरवलेली शेळी, कुणाचं बाळंतपण माझ्या पापणीवर ठरत होतं.

खोबऱ्याचा खवट वास घरात मुरला. पाटाभोवती गुळाचा चिकटा, त्यावर माशा. बायकांच्या तेलकट केसांचा, उदाचा, घामाचा मिळून एक दर्प व्हायचा, तो माझ्या लुगड्यातून निघतच नसे. एक दिवस एका बाईनं माझे पाय ताटात धुतले. मी तासाभरापूर्वी गोठा झाडला होता, टाचांच्या भेगांत शेण होतं. तिनं ते पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायली. उरलेलं आपल्या तापलेल्या मुलीच्या तोंडाला लावलं. मी पाय मागं ओढला नाही.

का ओढला नाही, हे सांगते. मला बरं वाटत होतं. पाणी भरणं बंद झालं होतं. सकाळी पहिला पेला दूध मला मिळायचं. मला माजलेली म्हणणाऱ्या बायका आता माझ्याहून खाली, मातीत बसत होत्या. आणि आत्याबाई दारात उभी राहून "या, बसा" म्हणत होती. घरात प्रत्येकाला काहीतरी मिळालं होतं. डोळ्याचं काय चाललंय, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती, मलासुद्धा.

एका मंगळवारी कवठे महांकाळकडची एक मेंढपाळ म्हातारी आली. सुगीनंतर त्यांची मेंढरं खतासाठी आमच्या शिवारात बसायला आली होती. तिचा मुलगा हात धरून तिला घेऊन आला आणि स्वतः बाहेर थांबला. तिला अगदी पुढं आणून बसवलं, तेव्हा तिच्या दोन्ही बाहुल्यांत दही गोठल्यासारखं पांढरं मला चष्म्याशिवायही दिसलं.

"आई," ती म्हणाली, "तालुक्याला डोळ्याचं शिबिर हाय म्हनं. ल्योक म्हंतो चल. मला सुरीचं भ्या वाटतंया. जाऊ का?"

मोतीबिंदू म्हणजे काय ते मला माहीत होतं. आईच्या मावशीचा काढला होता, ती पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली होती. त्या वेळी वीज चमकली नाही. मला आपणहून पापणी मिटता आली असती. मनात आलं, देवीच लोकांना डॉक्टरकडं धाडायला लागली, तर पुढच्या मंगळवारी येईल कोण?

मी पापणी हलवली नाही. म्हातारीनं सुटल्यासारखा श्वास टाकला, माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि गेली.

डिसेंबर उजाडला असेल. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं, खालून, काळं काहीतरी वर यायला लागलं. हौदात गढूळ पाणी चढावं तसं रोज थोडं. आधी माझेच पाय दिसेनात, मग समोरच्याचं पोट. दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. आणि वीज थांबली. मी घाबरले ती डोळ्यासाठी नव्हे, मंगळवारसाठी. मी खोटी पापणी मिटायला लागले. 'आली, आली' तसंच चालू राहिलं. खरं काय नि खोटं काय, कुणाला फरक कळला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा माझाच उबग आला.

एके सकाळी मी उजवा डोळा हातानं झाकून देवळीतल्या दिव्याकडं बघितलं. दिवा नव्हता. देवळी नव्हती. मी आत्याबाईला हाक मारली आणि सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि डोळ्यात बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, हे मी खोटं सांगणार नाही. पण ती म्हणाली, "रडू नगंस. आईनं येक डोळा आपल्यात घेतला तुझा. लय मोठा मान हाय त्यो."

मी तिचे हात झिडकारले. त्या दुपारी आबांना कार्ड लिहिलं. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, या. इतकंच. शाळेत जाणाऱ्या शेजारच्या पोरीच्या हाती ते पेटीत टाकायला दिलं.

आबा आले तोही मंगळवारच निघाला. अंगणात बायका दाटलेल्या, मी पाटावर. मला त्यांच्या बुटांचा आवाज ओळखू आला. ते बायकांमधून सरळ आले.

"ऊठ."

"आवं पाव्हणं, आई बसल्याली हाय," आत्याबाई आडवी आली.

"कसली आई? माझी पोरगी हाय ही. आंधळी व्हाया लागलीया." मग माझ्याकडं वळले. "चष्मा कुठं हाय तुझा?"

बायकांत कुजबुज झाली. चष्मा? देवीला चष्मा? मी उठले, आत गेले, चष्मा लावला आणि तशीच मळवटासकट सगळ्यांसमोर बाहेर आले. डाव्या काचेमागं अंधारच होता. उजव्या काचेतून मला त्या बायकांची तोंडं पहिल्यांदा स्पष्ट दिसली. किती साधी, थकलेली तोंडं होती. त्यांना फसवल्याची मला लाज वाटली आणि त्याच वेळी त्यांची किळसही आली. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही एसटीनं मिरजेला गेलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यांचे एक वयस्क डॉक्टर होते, कानडी वळणाचं मराठी बोलणारे. थेंब घालून त्यांनी माझ्या बाहुल्या मोठ्या केल्या. मग कपाळावर दिवा बांधला आणि हातात भिंग धरून दोन्ही डोळ्यांत कितीतरी वेळ बघितलं. बघता बघता कागदावर रंगीत पेन्सिलींनी चित्र काढत होते. डाव्या डोळ्याचं वर्तुळ जवळजवळ सगळं निळं झालं. वरच्या कडेला त्यांनी लाल रंगानं घोड्याच्या नालासारखी एक खूण केली.

"निळं म्हणजे सुटलेलं पडदा," ते म्हणाले. "लाल आहे ते भोक. वीज चमकत होतं की नाही?"

"व्हय. साडेतीन महिन्यांपूर्वी सुरू झालं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "साडेतीन महिने! काय करत होतात तुम्ही?"

आबांनी खाकरून विचारलं, "सायेब, हे कशानं झालं?"

डॉक्टरांनी ट्रेमधला विरविरीत पट्टीचा तुकडा घेतला आणि दोन्ही हातांनी ताणला. धागे एकमेकांपासून लांब झाले, मध्ये खिडक्या पडल्या.

"हिचा डोळा लांब आहे," ते म्हणाले. "तुमच्या-माझ्या डोळ्यापेक्षा मागच्या बाजूला जास्त वाढलेलं. म्हणून तर लांबचं दिसत नाही, उजेड पडद्याच्या अलीकडंच गोळा होतो. आता डोळ्याची भिंत वाढली, पण आतलं पडदा तेवढंच. मोठ्या घराला तेच कापड पुरवायचं म्हटलं तर ताणावं लागणार. ताणलं की असं विरतं, विशेष करून कडेला. डोळ्याच्या आत चिकट रस असतो. तो लांब डोळ्यात लवकर पातळ होतो, आकसतो आणि पडद्याला ओढतो. ती ओढ लागली, की पडद्याला उजेड पडल्यासारखं वाटतं. बाहेर काहीच नसतं. मग विरलेल्या जागी फाटतं, पाणी मागं शिरतं, आणि ओल आलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसं पडदा सुटत जातं."

मी ऐकत होते. सात बायका, मग अंगणभर बायका, नारळ, मळवट, पायाचं पाणी. आणि देवी म्हणजे ताणलेल्या चिंधीला बसलेला हिसका.

आबांनी फार हळू विचारलं, "चष्मा लावला न्हाई म्हणून तर झालं न्हाई न्हवं?"

"नाही. चष्म्यानं नीट दिसतं, एवढंच. लावला म्हणून डोळा आखूड होत नाही, नाही लावला म्हणून पडदा फाटत नाही."

आबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. इतका मोकळा, इतका समाधानाचा, की मला त्यांच्या शेजारी बसवेना. मी माझी खुर्ची चार बोटं बाजूला सरकवली. डॉक्टर पुढं म्हणाले, "पण पहिल्या आठवड्यात आणलं असतं, तर भोकाभोवती गोठवून मी ते चिकटवून टाकलं असतं. आता मधला भाग सुटून महिना उलटला. पडदा लावून बघू. दिसेल असं वचन देत नाही." आणि उजव्या डोळ्याचा कागद पुढं केला. त्यातही कडेला दोन ठिकाणी विरलेल्या जागा होत्या. तिथं फाटायच्या आधी गोठवायचं ठरलं.

ऑपरेशन झालं. डोळ्याला बाहेरून पट्टा आवळून भिंत आत, पडद्याकडं ढकलली, असं मला नंतर समजावलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी दोन्ही डोळे बांधून पाठीवर पडून होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, शिंकायचं नाही, खोकायचं नाही. पडल्या जागीच सगळं करायचं आणि ते भांडं कुणीतरी उचलेपर्यंत त्या वासात पडून राहायचं. फिनेलचा, पुवाचा, शिळ्या वरणाचा वास. आबा चमच्यानं पेज भरवायचे. पेज हनुवटीवरून गळ्यात जायची, सुकून तिथं ताणायची. ते रोज म्हणायचे, "मी चुकलो, पोरी." पहिल्या दिवशी मला रडू आलं. पाचव्या दिवशी मला त्या वाक्याचाही वीट आला. ते मला सांगत नव्हते, स्वतःला बरं वाटून घेत होते.

नवरा आला तो मला नाकानं कळला. तेजाबाचा आणि कोळशाचा तो वास त्याच्या कातडीतच होता. तो खाटेशी बसला.

"तुमाला फसवलं आमी," मी म्हटलं. "चष्मा लपवला."

"मला ठाव व्हतं."

"कवापास्नं?"

"बगायला आलो त्या दिवशीच. तू पव्ह्याची बशी माझ्या मामाच्या गुडघ्यावर टेकिवलीस की. मामा म्हातारा, त्याला वाटलं तू लाजलीस."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी लपवत व्हता, मी कशाला उघडं पाडू?" तो अगदी मायेनं बोलत होता. "आन मला काय गं, मी वर्साचं दोन म्हयनं घरी. तुला दिसलं काय, न दिसलं काय."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्याला वाटत होतं, त्यानं मोठेपणा दाखवला. मी हात काढून घेतला असता, पण मला हलायची बंदी होती.

पट्ट्या सुटल्या. पडदा बराचसा बसला होता, पण नजर आली नाही. डाव्या डोळ्यापुढं हात हलवला तर सावली हललेली कळते, त्यापलीकडं काही नाही. उजवा वाचला. आबा म्हणाले, माहेरी चल. मी नको म्हटलं. त्या अकरा पावलांच्या घरात मला जायचं नव्हतं.

सासरी परतल्यावर आठवड्याभरात मी त्या मेंढपाळ म्हातारीला शोधत गेले. त्यांचा मेंढरांचा वाडा दीड कोसावर, दुसऱ्या रानात हलला होता. मी चष्मा लावून, भर उन्हात, बांधाबांधानं गेले. ती घोंगडीवर बसली होती. मी सगळं सांगितलं. वीज कशाची होती, डोळ्यात काय फाटलं होतं, आणि त्या दिवशी मला पापणी मिटता येत असूनही मी मिटली नाही.

"मावशी, शिबिराला जा. दुसरं लागंल तवा तरी जा. तुमाला दिसंल."

तिनं मान डोलावली, गालावर हात फिरवून माझा चष्मा चाचपला आणि हसली.

"तवा आई बोलली व्हती. आता तू बोलतीयास."

मी पुष्कळ विनवलं. ती गोडच बोलत राहिली, ताक दिलं, पण ऐकलं नाही. तिचा मुलगा कोकरू धरून उभा होता. निघताना मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघून बाजूला थुंकला. मला वाईट वाटलं नाही. इतक्या महिन्यांत माझ्याशी खरं वागलेला तो पहिलाच माणूस होता.

आमच्या अंगणातले मंगळवार बंद पडले. कुणी भांडायला आलं नाही, जाब विचारला नाही. पाय धुऊन प्यायलेली बाई विहिरीवर भेटली, तर तिनं मला 'बरं हाय का' म्हणून विचारलं. चारसहा महिन्यांनी वरच्या आळीतल्या एका सुनेच्या अंगात यायला लागलं. सगळ्या बायका तिकडं गेल्या. आत्याबाईही जायला लागली. तिथं तिला दारापाशी बसवायचे, तरी जायची. एका मंगळवारी ती तिथला अंगारा घेऊन आली आणि मी भाकरी थापत असताना माझ्या डाव्या पापणीवर बोटानं लावला.

"आत्याबाई, डाक्तरांनी सांगितलंय, त्या डोळ्याला काही लावायचं न्हाई."

"आगं, तिनं सांगितलंय की तुझी नजर परत येतीया. तिला लय कळतं."

मी पिठाच्या हातानं अंगारा पुसला. पुढच्या मंगळवारी तिनं पुन्हा लावला, मी पुन्हा पुसला. ती जिवंत असेपर्यंत तो आणत राहिली आणि मी पुसत राहिले.